चार ऑक्टोबरचे फूल

विदर्भात फुलांची छायाचित्रे काढायला निघणारा माणूस फाल्गुनात पळसासाठी निघतो, नाहीतर वैशाखात बहाव्यासाठी. आश्विनात जंगलाकडे वळण्याचे फारसे कारण नसते, कारण या महिन्यातली खरी फुले वावरात असतात. कपाशीवर पाते म्हणजे कळी, फूल आणि बोंड एकाच झाडावर एकाच वेळी दिसतात, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची अंबाडी फुलते, हळदीच्या पानांच्या बुडाशी फुलांचे दांडे निघतात आणि दसऱ्याचा झेंडू बाजारात येतो. २०२५ च्या हंगामात वर्तमानपत्रांची पहिली पानेही याच वावरांनी भरलेली होती. ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले, सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली आणि नुकसानभरपाईची मागणी गावोगावी सुरू झाली. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत वर्धा, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांतून फिरावे, फुले पाहावीत आणि या बातम्या शेतात उभे राहून कशा दिसतात तेही पाहावे, एवढ्या हेतूने मी निघालो.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. सेवाग्राम

यंदा दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आली. वर्ध्याच्या स्थानकावर सकाळी पांढरे कपडे घातलेली कुटुंबे नागपूरच्या गाडीची वाट पाहत होती, ती दीक्षाभूमीकडे निघालेली. बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूचे ढीग लागले होते. झेंडूचे फूल दाट पाकळ्यांचे असल्यामुळे पावसाचे पाणी आत धरून ठेवते आणि मग देठाकडून सडू लागते. ढिगात हात घातला की पाकळ्या बोटांना चिकटत होत्या. विकणाऱ्या मावशी वरची कोरडी फुले निवडून हार ओवत होत्या आणि खालची वेगळ्या टोपलीत टाकत होत्या. त्या दोन टोपल्यांचे एक छायाचित्र घेतले आणि सेवाग्रामची वाट धरली.

गांधीजी १९३६ मध्ये इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, पुढे १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. आदिनिवास आणि बापूकुटी पाहायला दिवसभर माणसे येत होती. आश्रमापासून थोड्या अंतरावर, सेंद्रिय शेती करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या वावरात देशी कपाशीची काही तासे, म्हणजे ओळी, आहेत असे कळले होते, म्हणून दुपार तिकडे घालवली. देशी कपाशीचे फूल सहसा पिवळे असते, त्याचा गळा गडद किरमिजी असतो आणि ते मान खाली घालून असते. त्यामुळे कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवूनच त्याचा आतला रंग टिपता येतो. आज विदर्भात जिकडे तिकडे दिसणारी संकरित बीटी कपाशी (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली) अमेरिकी जातीची आहे. तिचे फूल उघडते तेव्हा दुधाळ पिवळट असते आणि गळ्यात गडद ठिपका नसतो. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कपाशी ही सगळी एकाच कुळातली झाडे. धुऱ्यावर अंबाडी आणि आत देशी कपाशी अशी एकाच चौकटीत आली तर हे नाते सांगावे लागत नाही. तसे एक छायाचित्र मिळाले आणि या प्रवासातले ते मला फार आवडते.

चरख्यासाठी ज्या कापसाचे सूत काढले गेले त्याच्या भावाचा प्रश्न तेव्हाही समुद्रापलीकडे ठरत होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाड, वर्धा, हिंगणघाट या भागांतल्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. यंदा पुन्हा अमेरिकाच कारण ठरली. २७ ऑगस्टपासून तिने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, त्याचा फटका कापड निर्यातदारांना बसणार म्हणून त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा यासाठी केंद्राने बाहेरच्या कापसाला दार उघडले. आधी १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर अशी सवलत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. ही तारीख लक्षात ठेवून मी पुढे निघालो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. वायगाव (हळद्या)

समुद्रपूर तालुक्यातल्या या गावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावातच हळद आहे आणि जवळपास प्रत्येक घराचा तिच्याशी संबंध. हळदीचे फूल शोधावे लागते. पाने छातीपर्यंत वाढलेली असतात, ती बाजूला सारल्यावर मध्ये फिकट हिरव्या, टोकाकडे पांढुरक्या होत जाणाऱ्या कोषपानांचा एक जाड तुरा दिसतो आणि त्याच्या खाचाखाचांतून छोटी पिवळी फुले डोकावतात. आतमध्ये उजेड फार कमी असतो. सोबत्याने पांढऱ्या पुठ्ठ्यावरून उजेड आत सारला, मी हळदीच्या वाफ्यात गुडघे टेकले आणि पान हलेनासे होईपर्यंत थांबलो. पहाटे पडून गेलेल्या सरीमुळे तुऱ्याच्या खोबणीत पाणी साचले होते आणि त्यात मुंग्या बुडालेल्या होत्या.

हळदीची लागवड कंदापासून होते, बी कोणी पेरत नाही, त्यामुळे फूल आले काय आणि न आले काय, पिकाला त्याने फरक पडत नाही. शेतकऱ्याची सगळी काळजी जमिनीखाली असते. पाणी साचून राहिले की कंदकूज लागते, आणि ती वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यांच्या वावरात उभा होतो त्या काकांनी एक झाड उपटून दाखवले. कंद अजून कोवळे होते, एका बाजूने मऊ पडलेले. जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन केले, त्याचे मुख्यालय तेलंगणात निजामाबादला आहे. मंडळाकडून काही अपेक्षा आहे का, असे विचारल्यावर काका म्हणाले, पाणी काढून द्यायला नाली हवी, तेवढी आधी होऊ द्या.

संध्याकाळी हिंगणघाटला मुक्काम केला.

४ ऑक्टोबर, शनिवार. राळेगाव तालुका

वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात आलो. ओळखीतून एका जोडप्याच्या चार एकर वावरात दिवसभर थांबण्याची परवानगी मिळाली होती. या भागात कपाशीला पऱ्हाटी म्हणतात आणि मीही आता तेच म्हणेन.

पऱ्हाटीचे फूल सकाळी ऊन वर चढू लागते तसे उघडते. पाकळ्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या असतात, त्या एका बाजूने सैल होत जातात. ढगाळ हवेत त्याला जास्त वेळ लागतो, आणि त्या दिवशी ढग होते. छायाचित्रासाठी ही हवा उत्तम, कारण पाकळीच्या बारीक शिरा कडक उन्हात पुसल्या जातात, मऊ उजेडात मात्र त्या एकेक मोजता येतात. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावून एका फुलाचे उघडणे दर काही मिनिटांनी टिपत बसलो. पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेवर एक बारीक मधुग्रंथी असते, तिच्यावर मुंग्यांची ये-जा सुरू होती. फुलात मधमाश्या मोजक्याच आल्या. काळ्या मातीत पाय रुतत होता, बुटाखाली चिखलाचे थर चढत होते, आणि दोन ओळींमधल्या सरीत अजून पाणी उभे होते.

त्या दिवशी उघडलेल्या फुलांपैकी काहींच्या देठाला मी लाल दोरा बांधला. वावराच्या मालकीणबाईंनी कारण विचारले. फुलाचे बोंड होऊन ते पिकून फुटायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणून याच फुलाचा कापूस कधी हाती येतो ते पाहायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी स्वतः आणखी झाडे दाखवली आणि दोरा कुठे बांधावा तेही सांगितले. खालच्या फांद्यांवरची फुले आधीची, तिथली बोंडे कुजली. वरच्या फांद्यांवरची टिकतील, असा त्यांचा अंदाज होता.

कुजलेली बोंडे त्यांच्या पतींनी, म्हणजे भाऊंनी, दाखवली. बराच वेळ ते लांबून माझे काम पाहत होते, मग जवळ येऊन म्हणाले, "फुलाचे काहाले काढता भाऊ, बोंडाचे काढा न. सारे काळे पडले." खालच्या तिसऱ्या हिश्शात खरोखरच बोंडे काळपट आणि पिचलेली होती. हाताने उघडल्यावर आत पांढऱ्या कापसाऐवजी पिवळसर, ओला, चिकट लगदा निघत होता. असा कापूस वेचला तरी तो कवडी, म्हणजे हलक्या प्रतीचा माल, म्हणून जातो. वेचणीची मजुरी किलोवर असल्याने कवडी वेचायला बाया तयार होत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही.

मग त्यांनी एक बंद फूल हातात दिले. पाकळ्या टोकाशी एकमेकींत पिळलेल्या, न उमललेल्या गुलाबासारखे दिसणारे ते फूल पाहिल्यावर कोणताही छायाचित्रकार कॅमेरा उचलेल. याला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी बोंडअळी असते. तिने पाकळ्या धाग्यांनी आतून शिवलेल्या असतात, आणि नखाने ते फूल उकलले की अळी दिसते. २००६ पासून वापरात असलेले दोन जनुकांचे बीटी वाण या अळीला पुरे पडेनासे झाले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वावरात अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावलेले होते. डोमकळ्या तोडून जाळल्या तर पुढची पिढी कमी होते, हे या जोडप्याला माहीत आहे. चार एकरांत दोन माणसांनी रोज डोमकळ्या शोधत फिरायचे तर बाकीची कामे कोणी करायची, हे मात्र कुठल्याच पत्रकात लिहिलेले नसते. डोमकळीची छायाचित्रे मी काढली. ती सुंदर आली आहेत, आणि अळीशिवाय ती कुठेही दाखवणार नाही, असे तिथेच ठरवले.

दुपारी झाडाखाली डबा सोडल्यावर छायाचित्रांवरच बोलणे निघाले. शेतकऱ्यालाही आता आपल्या पिकाचे छायाचित्र काढावे लागते. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, त्यात शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाची नोंद करायची असते, आणि ती सातबाऱ्यावर चढली तरच पुढचे मार्ग खुले होतात. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर यंदा 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी सक्तीची आहे आणि तिथेही तोच सातबारा लागतो. भाऊंनी दोन्ही नोंदी मुलाकडून करून घेतल्या होत्या. पीकविम्याचे मात्र उलटे झाले आहे. गेल्या वर्षीपर्यंत अतिवृष्टीने नुकसान झाले की ७२ तासांच्या आत छायाचित्रासह कळवायची सोय होती. यंदाच्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीची भरपाईही योजनेतून काढली. आता महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, होणाऱ्या पीक कापणी प्रयोगात सरासरी उत्पन्न घटले तरच भरपाई मिळते. एका वावरातली काळी बोंडे त्या सरासरीत दिसतीलच असे नाही. या योजनेत गैरप्रकार झाले होते, बोगस अर्ज सापडले होते, हे खरे आहे. पण ज्याने खरेच पेरले आणि ज्याचे खरेच कुजले त्याच्या हातातला पुरावा निरुपयोगी करणे हा त्यावरचा इलाज असू शकतो, हे मला पटत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. राळेगाव ते परतवाडा

सकाळी पुन्हा त्याच वावरात गेलो. काल दोरा बांधलेली दुधाळ फुले आज गुलाबी झाली होती. परागीभवन झाले की पाकळ्यांत लाल रंगद्रव्य उतरते, फूल मिटत जाते आणि पुढे गळून पडते. एकाच फांदीवर कालचे गुलाबी आणि आजचे पांढरट अशी दोन्ही फुले असली की नवख्याला ती दोन जातींची वाटतात. दोन्ही दिवसांची छायाचित्रे एकाच कोनातून, एकाच अंतरावरून घेतली. काही फुले मात्र रात्रीच्या पावसाने दोऱ्यासकट गळून पडलेली दिसली.

हिशेब तिथेच बांधावर बसून केला. ४ ऑक्टोबरच्या फुलाचे बोंड १८ ते २३ नोव्हेंबरच्या सुमारास फुटणार, थंडी लवकर पडली तर आणखी उशिरा. तो कापूस वेचून, वाळवून बाजारात जायला डिसेंबर उजाडणार. शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत आहे. म्हणजे लहान शेतकऱ्याच्या पहिल्या दोन्ही वेचण्या याच मुदतीत विकल्या जाणार, आणि ज्याला घरात कापूस साठवून ठेवता येतो त्यालाच जानेवारीचा भाव पाहता येणार. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये आहे. खुल्या बाजारातला भाव त्याच्या खाली राहिला तर सीसीआयची खरेदी हाच आधार, आणि तिथे ओलावा १२ टक्क्यांवर गेला की कापूस घेत नाहीत. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या लाखो हातांचा रोजगारही खरा आहे, त्यांना वाचवायलाच हवे. पण त्या बचावाची किंमत वेचणीच्या नेमक्या महिन्यांत वसूल व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते. सवलतीची मुदत ठरवताना पऱ्हाटी केव्हा फुलते आणि बोंड केव्हा फुटते एवढे विचारात घेतले असते, तरी तारीख वेगळी पडली असती.

नंतरचा दिवस प्रवासात गेला. यवतमाळ, नेर, अमरावती, परतवाडा. रस्त्याच्या कडेला सोंगलेल्या सोयाबीनच्या गंज्या ताडपत्रीखाली होत्या. एके ठिकाणी उतरून पाहिले तर खालच्या शेंगांना कोंब फुटले होते.

६ ऑक्टोबर, सोमवार. पायविहीर आणि कोजागिरी

मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यात पायविहीर हे गाव आहे. २०१२ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. ओसाड पडलेली टेकडी ग्रामसभेने चराई रोखून, समतल चर खणून, झाडे लावून पुन्हा उभी केली. २०१४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कारही मिळाला. या दिवसांत इथे सीताफळाची तोडणी असते. टेकडीवर फुले मोठी नव्हती, पण पुष्कळ होती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, खडकांच्या फटींत शेवटचा तेरडा, आणि चढणीवर तरवडाची पिवळी फुले. कुर्डू शेतात आला की तण म्हणून उपटला जातो, टेकडीवर मात्र कोणी त्याला हात लावत नाही, त्यामुळे तो मनसोक्त वाढतो. उगवतीच्या तिरप्या उन्हात त्याच्या तुऱ्यांची टोके चमकतात, म्हणून तो सकाळी लवकर, सूर्याकडे तोंड करून टिपावा. जंगलाकडे जाणाऱ्या उतारावर घाणेरीही फुललेली होती. तिची फुले मोहक असली तरी तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि गावकऱ्यांना तिच्याशी दरवर्षी झगडावे लागते.

गावाच्या बळाविषयी फार बोलले जाते, पण इथे ते डोळ्यांनी दिसते. टेकडीवरचा निर्णय ग्रामसभा घेते, म्हणून टेकडीवरचे फळ गावाच्या हिशेबात जमा होते. कापसाच्या बाबतीत त्या जोडप्याच्या हाती असा एकही निर्णय नाही, हा फरक सकाळभर मनात राहिला.

संध्याकाळी परतवाड्याजवळच्या एका गावात भुलाबाईच्या समारोपाला बोलावले होते. विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेला मुली भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मूर्ती, मांडतात, महिनाभर गाणी म्हणतात आणि कोजागिरीला खिरापत वाटून तिची बोळवण करतात. भुलाबाई-भुलोजींना ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. पूर्वी खरिपात कपाशीच्या बरोबरीने ज्वारी असे, सोयाबीन पसरले तशी ती मागे हटली. त्या घरच्या आजींनी सांगितले की धांडे आता शेजारच्या गावातून मागवावे लागतात. यंदा ते आले, पण कणसे पावसाने काळी पडलेली होती. मुलींनी त्यांवर झेंडूच्या माळा बांधल्या. त्यांची गाणी चालू असताना मी कॅमेरा बाजूला ठेवला होता. आटीव दूध पिताना अंगणात दोन काका कर्जमाफीवर बोलत होते. निवडणुकीत दिलेले आश्वासन सरकार केव्हा पाळणार, याचीच चर्चा होती.

७ ऑक्टोबर, मंगळवार. परतीचा रस्ता

अमरावतीत पोहोचलो तेव्हा मुख्यमंत्र्यांनी अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केल्याची बातमी मोबाईलवर आली होती. चहाच्या टपरीवर सगळे तेच वाचत होते. कोरडवाहू शेतीला हेक्टरी १८,५०० रुपये, त्यातले १०,००० रब्बीच्या बियाण्यासाठी. राळेगावच्या भाऊंना फोन केला. त्यांनी बातमी ऐकली होती आणि हिशेबही करून ठेवला होता: एकरी साडेसात हजारांच्या आसपास, चार एकरांचे तीस हजार. फवारे, खत आणि निंदण यांत त्याहून जास्त आधीच गेले, असे ते म्हणाले. पैसे दिवाळीच्या आत खात्यात पडले तर हरभऱ्याचे बियाणे उधार घ्यावे लागणार नाही, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पॅकेज मोठे आहे आणि ते तातडीने जाहीर झाले, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण मिळणाऱ्या रकमेत पुढच्या पेरणीचा वाटा झाल्या नुकसानीच्या भरपाईपेक्षा मोठा असेल, तर खरिपाचे जे गेले ते शेतकऱ्याच्याच नावावर राहते.

त्यांनी काळ्या बोंडांची छायाचित्रे मागितली, ती त्याच रात्री तारखेसह पाठवली. फुलांची पाठवू का, असे विचारल्यावर मालकीणबाईंनी फोन घेतला. लाल दोऱ्यांपैकी किती फुले बोंडावर आली ते त्या दर आठवड्याला पाहणार आहेत आणि पहिले बोंड फुटले की कळवणार आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीस तूर फुलावर असेल, तेव्हा तिच्या पिवळ्या फुलांसाठी मला पुन्हा तिकडे जायचेच आहे. दोरा बांधलेल्या प्रत्येक झाडाच्या छायाचित्राखाली तीन नोंदी करायचे आम्ही ठरवले आहे: फूल उघडल्याची तारीख, बोंड फुटल्याची तारीख, आणि तो कापूस ज्या दिवशी राळेगावच्या बाजारात जाईल त्या दिवशीचा भाव.